वरून ओतलेलं पाणी

विहिरीतून ओढलेली बादली मी काठावर टेकवली, तोच मागून आवाज आला—

"बाई, पाणी पाजता का थोडं?"

मी वळले. घामानं अंगाला चिकटलेला सदरा, धुळीनं भरलेले पाय, खांद्याला पिशवी. चेहरा मात्र हसरा.

पवनारच्या फाट्याजवळची ती विहीर आमच्या वस्तीची. नागपूरला दीक्षा घेऊन आम्हांला दीड वर्ष झालं होतं, पण गावातलं कुणी अजून आमच्या पाण्याला शिवत नव्हतं.

"विहीर कोनाची हाये, माहीत हाये का?" मी विचारलं.

"पाणी हाये ना तिच्यात? मंग झालं."

मी लोटा उंच धरला. वरून ओतायचं आणि समोरच्यानं ओंजळ करून प्यायचं, पाणी देणं-घेणं मी असंच पाहत आले होते. फरक इतकाच, की ओंजळ नेहमी आमची असायची. दीक्षेनंतर आईनं मला शपथ घातली होती, यापुढे कुणासमोर ओंजळ करायची नाही.

त्यानंही ओंजळ केली नाही. माझ्या हातातला लोटा घेतला, सरळ ओठांना लावला आणि घटाघटा प्यायला.

मी तोंड उघडं टाकून पाहतच राहिले.

"काऊन अशा पाहून राह्यल्या?"

"लोटा... उष्टा झाला माहा."

"मंग धुऊन टाका," तो म्हणाला आणि हसत निघून गेला.

मी तो धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक धक्का. पवनारजवळच्या एका संस्थेत कुष्ठरोग्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलणारी, त्यांना धीर देणारी माणसं तयार करत. मीही शिकायला गेले होते. पाहते तर शेजारच्या चटईवर तोच! नाव रूपराव, गाव जामकडचं.

प्रमिलाबाई आम्हांला शिकवायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "उपदेश करायचा नाही. आधी ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. आणि त्या घरातलं पाणी प्यायचंच. पाणी नाकारलंत, तर तुमचा एक शब्दही कुणी ऐकणार नाही."

मला हसू आलं. पाणी नाकारल्यावर काय वाटतं, हे मला कुणी शिकवायचं?

अक्षरं मी उशिरा शिकले, त्यामुळे लिहिण्यात कच्ची होते. रूपराव माझी टिपणं उतरवून द्यायचा.

"एका पानाले एक लोटा पाणी," तो म्हणायचा.

"अन् अक्षर खराब आलं तर?"

"तर दोन लोटे. तेवढाच येळ जास्त बसता येते."

मी मान खाली घालायची... आणि पदराआड हसायची.

एकदा चहाचं उकळतं भांडं त्यानं चुलीवरून नुसत्या हातानं उतरवलं. सगळे ओरडले.

"हात हाये का लोखंड, रूपरावजी?" मी म्हटलं.

त्यानं घाईनं बाही मनगटावर ओढली. मी आपली मनातून खूश, काय पण गडी!

दोन दिवसांनी खेळातली भेट होती. एकानं रोगी व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्या घरी जायचं. रूपराव रोगी झाला आणि मी पाहुणी.

"या बाई, बसा."

"कवापासून तरास हाये तुमाले?"

"दोन साल झाले. मायनं थाळी वेगळी केली. माही गोधडी कोनी उचलत नाई."

सगळे गालात हसत होते. काय हुबेहूब करत होता!

"आनखी काई सांगाचं हाये?"

"एक पोरगी हाये... तिनं मले पाणी पाजलं. तिले सांगू का नको, थेच समजून नाई राह्यलं."

चटयांवर खसखस पिकली. माझे कान तापले. त्यानं पेला भरून माझ्यापुढं धरला, आणि सदऱ्याची बाही मागे सरकली.

मनगटावर फिकट चट्टा. बोटांवर चहाच्या भांड्याचे फोड, फुटलेले. आदल्या दिवशीचा धडा मी स्वतः घडाघडा म्हणून दाखवला होता: चट्ट्याची जागा बधिर होते, पुढे बोटंही, चटका कळत नाही...

खेळ नव्हता तो.

पुढे गेलेला माझा हात मागे आला. मी आणला नाही. आपोआप आला.

पेला तसाच हवेत राहिला. हसणं थांबलं.

"नाई प्याल्या तरी चालते, बाई," तो हळूच म्हणाला. "खेळच हाये." पेला खाली ठेवून तो बाहेर गेला.

माझ्या आईच्या, आजीच्या हातचं पाणी लोकांनी नाकारलं. आणि आज मी...?

"त्याचा प्रकार पसरणारा नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "गोळ्या चालू आहेत. रोग्याचं दुःख त्याच्याइतकं कुणाला कळणार, म्हणून मीच त्याला बोलावलं. आज तो सगळ्यांना सांगणार होता."

"तुमाले माहीत होतं? मंग मलेच काऊन बसवलं समोर?"

"त्यानंच तुझं नाव मागितलं. पिशवी घेऊन गेलाय. फाट्यावरून चारची गाडी धरेल."

मी पळाले. चप्पल कुठं सुटली, कळलंही नाही.

तो आमच्याच विहिरीवर होता. दोरावरचा लोटा तोंडाला लावून पीत होता. मला पाहून दोन पावलं मागे सरला.

"पाणी पाजता का थोडं?" मी धापा टाकत म्हटलं.

त्यानं लोटा विसळला, भरला, उंच धरला. "ओंजळ करा. वरून ओततो. हात नाई लागनार."

"ओंजळ सोडली आमी. लोटा द्या."

"कांताबाई, पाहा बरं..."

मी लोटा ओढून घेतला. ओठांना लावला. सगळा प्याले.

आता तोंड उघडं टाकून पाहायची पाळी त्याची होती.

"काऊन असे पाहून राह्यले?"

"लोटा... उष्टा होता माहा."

"हो का? बसा इथं." मी पदराची किनार टरकन फाडली आणि त्याच्या बोटांच्या फोडांवर गुंडाळू लागले. "त्या पोरीले काई सांगाचं होतं ना तुमाले? सांगा."

चारची गाडी आली, भोंगा वाजवून थांबली, धूळ उडवत निघून गेली. तो विहिरीच्या काठावर बसूनच होता, पहिला शब्द शोधत.

आणि मी, प्रमिलाबाईंनी शिकवलं होतं तशी, मध्ये एक अक्षरही न बोलता ऐकत होते.