ओळ ४३१

लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबणारी एक प्रेस आहे. तिच्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम मी लिहिते. आठ दिवस ती मध्येच थांबत होती. मॅनेजर विजयसिंहांचं म्हणणं, ऑपरेटर तात्याबाच आरामासाठी लाल बटण दाबतात. चारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही, तर तात्याबा घरी.

"बटनाला हातबी लावला न्हाय, ताई," तात्याबा म्हणाले.

निरवांगीला त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. वाडा बंद करण्याआधी मागे राहिलेल्या कोकरासाठी शीळ घालायची, ही घरची सवय. प्रेस सुरू करतानाही ते शीळ घालत. "आत मेंढरं आहेत का?" म्हणत विजयसिंहांनी ती बंद करवली होती. त्यालाही आठच दिवस झाले होते.

माझी अडचण साधी होती. प्रोग्रॅम सर्व्हरवर बिल्ड होतो आणि प्रत्येक ओळीसोबत सर्व्हरच्या फोल्डरचा पत्ता नोंदवतो. माझ्या लॅपटॉपमधल्या एडिटरला ते फोल्डर ठाऊक नव्हतं. त्यामुळे मोटर थांबवणाऱ्या आज्ञेवर मी ठेवलेला ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅमला तिथे अडवणारा ठिपका, राखाडीच राहायचा, प्रोग्रॅम काही अडायचा नाही.

साडेतीनला बिल्डच्या सेटिंगमध्ये मी एक ओळ घातली: सर्व्हरच्या पत्त्याऐवजी माझ्या फोल्डरचा पत्ता नोंदव. पुन्हा बिल्ड केलं.

ठिपका लाल झाला. मी चक्क टाळी वाजवली.

प्रेसपासून बाहेरच्या शटरकडे जाणाऱ्या वाटेतच खुर्ची टाकून बसले. सातव्या पत्र्याला प्रेस थांबली. प्रोग्रॅमही ठिपक्यावर अडला. पडद्यावर लाल बटण: शून्य, म्हणजे कुणी दाबलेलंच नाही.

विजयसिंहांनी ते तीनदा वाचलं. "तात्याबा, चुकलं माझं. उद्या पहिल्या पाळीला या."

"आजचीच पाळी कुठं संपलीया, सायेब?"

मी हसले. मग थांबवण्याची आज्ञा कोणत्या ओळीने दिली ते पाहिलं. ओळ ४३१: आत कोणी असेल तर थांब.

माझी फाइल ४१२ ओळींची आहे. प्रेसला तसा सेन्सरही नाही.

पुढे आकडा होता. आत: एक.

मी बॅटरी लावून पाहिलं. आत फक्त पत्रा.

"काय म्हनतंय?" तात्याबांनी विचारलं.

"आत कुणीतरी आहे म्हणतंय."

त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी विजयसिंहांकडे पाहिलं. विजयसिंहांनी मानेनं होकार दिला.

तात्याबांनी वाकून शीळ घातली. लांब, शेवटी चढत जाणारी.

अडवलेल्या प्रोग्रॅममध्ये आकडे बदलत नाहीत.

आत: शून्य.

मी प्रोग्रॅम पुढे सोडला. प्रेस खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली. न थांबता. आम्ही जिंकलो होतो.

तात्याबा माझ्या गुडघ्यांसमोरच्या फरशीकडे बघत होते.

"ताई, जरा सरका," ते हळूच म्हणाले. "त्याला भाईर जायला वाट द्या."