फ्यूज लंबूच्या खिशात

लंबू माझा मेव्हणा, बायकोचा एकुलता एक भाऊ. उंचीने ताडमाड, अक्कल जेमतेम, असं मी त्याच्या तोंडावर म्हणतो आणि तो हसतो. जहाजांवर लांब पल्ल्याचे रेडिओ बसवायचं काम आम्ही दोघंच करतो. तो वर छतावर, मी खाली रेडिओरूममध्ये.

अँटेना म्हणजे दोन मजली उंच काठी. तिच्या पायथ्याशी ट्यूनरचा डबा. खालून सेटचं बटण दाबलं की डब्यातले स्विच टकटक करत योग्य जुळणी शोधतात, सापडली की गप्प होतात. त्या वेळी काठीला कुणाचा हात असेल तर माणूस जळतो. म्हणून आमचा नियम असा: वर जाणाऱ्याने सेटचा फ्यूज काढून खिशात घालायचा आणि खाली येऊन स्वतःच्याच हाताने बसवायचा. यात चालढकल मी खपवून घेत नाही.

त्या दुपारी जहाज गोदीत उभं होतं. लंबू वर तांब्याची पट्टी जोडत होता आणि मी बंद सेटसमोर जांभया देत बसलो होतो. अचानक डोक्यावरच्या छतातून आवाज आला. टक. टक टक.

"लंबू, डब्याशी चाळे करू नकोस!" मी वॉकीटॉकीवर ओरडलो.

"मी कशाला करू, भाऊजी? तुम्हीच काहीतरी दाबलंत ना?"

"फ्यूज कुठंय?"

"खिशात."

टकटक थांबली. जुळणी सापडली होती. कुणाशी, देव जाणे! सेटचा पडदा काळाठिक्कर होता.

"हात काढ. बाजूला हो आधी."

उत्तर आलं नाही.

मग दार उघडलं. लंबू नेहमीसारखा चौकटीत डोकं वाकवून आत आला. त्याने सेटमध्ये फ्यूज बसवला. दिवे लागले.

"झालं काम. दाबा, भाऊजी."

"तोंड शिवलं होतं का रे तुझं? जीव टांगणीला लागला होता माझा," म्हणत मी बटणावर बोट ठेवलं.

वॉकीटॉकी खरखरला. "भाऊजी, ऐकू येतंय का? पट्टी अजून हातात आहे माझ्या. जरा थांबा."

लंबूचाच आवाज.

शेजारचा लंबू हलला नाही. वर उन्हाने पत्रा पोळत होता, पण त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"दाबा ना," तो म्हणाला.

मी सेटची मुख्य तारच उपटली. दिवे विझले नाहीत.

मी शिडीकडे पळालो. वॉकीटॉकी तिथंच राहिला.

वर लंबू डब्याशी वाकून बसला होता. मी दंड धरून त्याला काठीपासून मागे खेचलं.

"अहो, लागलं ना! झालं काय?"

"फ्यूज दाखव."

त्याने खिशातून काढून दाखवला. मला रडूच आलं. "चल, उतर. आत्ताच्या आत्ता."

तेवढ्यात त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी बोलला. माझ्या आवाजात, माझ्याच त्रासिक सुरात.

"लंबू, मी खालीच बसलोय. तुझ्याजवळ कोण उभं आहे?"

लंबूने कमरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने हळूच आपला दंड सोडवून घेतला.

"अरे, मी आहे. मीच आहे रे!"

तो एक पाऊल मागे सरकला. मग आणखी एक.

अँटेना वर चढवायला त्या बाजूचा कठडा आम्ही सकाळीच काढून ठेवला होता.