दोराचं दुसरं टोक

धबधबा बघायची हौस माझ्या धाकट्या भावाची, आणि धाप लागायची ती मला. निघताना आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तो धांदरट आहे. तुझ्या भरवशावर पाठवतेय हं." म्हणून गेले. नाहीतर मी शिवणकाम करणारी बाई, डोंगर चढणं माझ्या कुठल्या बापजन्मी घडलं होतं!

ती वाट शेवटी कड्याला चिकटून पाण्याच्या पडद्यामागून जाते. एका वेळी एकच माणूस मावतो, तोही पाठ दगडाला लावून. मधे कडा आत वळतो, तिथलं दोन्ही टोकांवरून काही दिसत नाही. पाण्याचा आवाज इतका, की हाक मारून उपयोग नाही. म्हणून दोघांच्या कमरेला एकच दोर बांधला. दोन झटके म्हणजे ये, एक झटका म्हणजे थांब.

"ताई, तू आधी जा. पडलीस तर मी धरीन."

"तू धरणार? तुला धड चहाचा कप धरता येत नाही."

तो खो खो हसला. त्याच्या कमरेची गाठ मी स्वतः ओढून पाहिली आणि निघाले.

पलीकडे पोचले तेव्हा भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड होता. शेवाळाचा कुबट वास येत होता. दगडाला पाय अडवून बसले आणि दोन झटके दिले. दोर सैल पडू लागला. तो येत होता. मी दोर गोळा करत राहिले.

इतक्यात वाऱ्याने तुषार बाजूला झाले. जिथून मी निघाले होते, तिथेच माझा भाऊ उभा होता. कमरेला दोर नव्हता. दोन्ही हात हलवून तो काहीतरी ओरडत होता…

आणि माझ्या हातातला दोर एकाएकी ताठ झाला. कुणीतरी त्याला लोंबकळावं, इतका जड. माझे पाय कडेकडे घसरू लागले. मग एक झटका आला. थांब. पुन्हा एक. थांब… थांब…

मी घाबरले. सरळ सांगते, जिवाच्या आकांताने घाबरले. पिशवीत कात्री होती. दोर कापला आणि तो सर्रकन पाण्यात गेला. कुणी ओरडलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं.

दगड धरून धरून मी परत आले. भावाने पुढे होऊन हात दिला. हात थंडगार होता.

"गाठ का सोडलीस रे?"

"कुठली गाठ, ताई?"

उतरताना त्याने एकही थट्टा केली नाही. दमला असेल, असं मी स्वतःला समजावलं.

आईने दार उघडलं. त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग जेवायला वाढलं. त्या दिवसापासून ती आपल्या खोलीला आतून कडी लावून झोपते. आजवर कधी लावली नव्हती. का लावतेस, हे विचारायचा मला धीर होत नाही. तिने सांगितलंच, तर त्या दोराच्या टोकाला कोण होतं तेही मला कळेल.

काल तिने माझी गादीही आपल्या खोलीत नेली.

"तो जागा आहे," ती कुजबुजली. "लवकर आत ये…"