मास्तर, कपडे कधी?

टेकडीवर जायचे डबे भरून झाले आणि चिमीच्या लक्षात आलं, की आजोबांची खुर्ची रिकामी आहे. दाराची कडी उघडी होती. कडी लावायचं काम काकांचं. पण फोनवर बोलत बाहेर पडले, की काकांना स्वतःचं डोकं घरी राहिलं तरी कळत नसे.

आजोबांना विसरायचा आजार होता. त्यांच्यासाठी रात्र-रात्र जागून सगळं घर पार थकलं होतं. रडायचंही त्राण उरलं नाही, आई म्हणाली. चिमीला आजोबांचा राग आला आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

चिमी आणि तिचा आतेभाऊ बोका काकांबरोबर पोलीस चौकीत गेले. तिथे हवालदारांनी जांभई देत सांगितलं, की म्हातारी माणसं अशीच जातात, येतील संध्याकाळपर्यंत.

"त्यांना घरच आठवत नाही, तर येतील कसे?" बोका गुरगुरला.

ते ऐकून फौजदारबाई बाहेर आल्या. रात्रपाळी संपवून त्या घरी निघाल्या होत्या, डोळे तारवटलेले होते. त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. असं माणूस हरवलं तर क्षणभरही थांबायचं नसतं, असं हवालदारांना सुनावून त्यांनी आजोबांचा फोटो गस्तीच्या गाड्यांना, दवाखान्यांना, बसस्थानकावर धाडला. आधी घरच माळ्यापासून न्हाणीपर्यंत शोधायला लावलं. मग भोंग्याची गाडी गल्लोगल्ली फिरू लागली, 'आजोबा, घाबरू नका, इकडे या.'

दुपार कलली. पोरांचे पाय भरून आले होते. फौजदारबाई चिमीशेजारी पायरीवर टेकल्या.

"हल्ली ते तुला काय म्हणतात गं?"

"बाई म्हणतात. काय बाई, काय शिवायचंय, असं."

बोलता बोलता चिमी उठलीच. आजोबा शिंपी होते आणि हल्ली स्वतःला तिशीतलेच समजत. तिशीतला माणूस 'आजोबा' या हाकेला ओ कशाला देईल!

त्यांच्या दुकानाच्या जागी आता चष्म्याचं दुकान होतं. भोंग्याची गाडी तिथून जाऊनही आली होती. पण आजोबा पूर्वी दुकान मागच्या दारानं उघडत, म्हणून चिमी आणि बोका मागच्या बोळात शिरले. तिथे रिकाम्या खोक्यांची रास होती.

"मास्तर," चिमीनं हाक दिली, "कपडे कधी मिळणार?"

खोक्यांमागून खणखणीत उत्तर आलं, "उद्या या!"

बोका हसत सुटला. चिमीला मात्र रडू फुटलं.

दुकान उघडायची वाट बघत आजोबा मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. ओठ सुकलेले, पण उठायला तयार नाहीत. धंदा सोडून कसं यायचं?

"आईचं माप घ्यायचंय, मास्तर. तिला बरं नाही. घरी याल?"

लगेच उठले. बोळाच्या तोंडाशी फौजदारबाईंनी त्यांना पाणी पाजलं आणि चिमीच्या पाठीवर हात ठेवला. "आम्ही नुसता घसा कोरडा करत होतो, पोरी. हाक तुलाच सापडली." त्यांच्यामागोमाग आलेले काका खाली मान घालून उभे होते.

वाटेत आजोबांनी चिमीच्या खांद्यावर वीत टेकवली.

"बाई, मागच्या खेपेपेक्षा वाढलात की!"

"हो मास्तर," चिमी त्यांचा हात घट्ट धरून म्हणाली, "जरा सैलच शिवा."