चौथ्या पट्टीतली थरथर

"आमच्या यंत्राला गंडवणारा अजून जन्माला यायचाय! मुंगीने पाय हलवला तरी पकडतं," यंत्रवाले साहेब सकाळी छाती फुगवून म्हणाले. दुपारी यंत्राने चिंगीला पकडलं आणि अख्खं मैदान ओरडलं, "पोरगी हललीच नाही!"

शंभर मीटर धावण्याची निवड चाचणी. चौथ्या पट्टीतल्या चिंगीने बंदुकीआधीच पायाखालचा ठोकळा रेटला, असं त्यातल्या सेन्सरचं म्हणणं. चिंगी बाद. संघात जागा एकच, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं.

तंबूत चौकशी अधिकारी बाई आल्या.

"खरं सांग, हललीस?"

"नाही हो मॅडम. ठोकळाच गुणगुणला."

"आता गाणंही म्हणेल!" यंत्रवाले हसले.

चिंगीचा मामाच तिचा कोच. तो भडकला. "दुसऱ्या नंबरवालीच्या कोचला धरा. फायदा त्याचाच झालाय!"

"मी काय लांबून फुंकर मारली?" तो कोच उसळला. "आमचे तर मोबाइलसुद्धा गेटवर काढून घेतले. यंत्राला त्रास होतो म्हणे."

बाईंनी पडद्यावरचा आलेख पाहिला. दोन्ही पायांच्या रेषा एकदमच उसळलेल्या. कंगव्याच्या दातांसारख्या, एकसारख्या. मग त्यांनी ठोकळा उलटा केला. खाली चिकटपट्टीचा ताजा डाग.

"हा मैदानातून कोणी उचलला?"

"मीच. पुरावा म्हणून," यंत्रवाले म्हणाले.

"सकाळपासून आणखी कोणाला पकडलं?"

"नाही. हिलाच."

"आणि कोपऱ्यात जांभया देतायत ते कोण?"

"खरेदी समितीचे पाहुणे. निघालेच होते, मग थांबले."

"तुमचा मोबाइल द्या."

"तो यंत्रासाठी लागतो हो..."

बाईंनी शेवटचा नंबर पुन्हा लावला. तंबूत पाहुण्यांना दाखवायला यंत्राला जोडून ठेवलेला नमुन्याचा ठोकळा होता; त्यावरची साहेबांची बॅग गुरगुरली. लगेच यंत्र किंचाळलं: चुकीची सुरुवात! बाद!

ठोकळ्यावर कोणीच नव्हतं.

"माणूस दचकला की आधी एक पाय हलतो, आणि थरथर वेडीवाकडी असते," बाई म्हणाल्या. "ही थरथर मोबाइलची. दुसरा मोबाइल तुम्ही ठोकळ्याखाली चिकटवलात, बंदुकीआधी रिंग दिलीत, मग पुराव्याच्या नावाखाली काढून घेतलात. मैदानात मोबाइल होते ते फक्त तुमच्याकडे."

"पण माझ्या भाचीने याचं काय घोडं मारलं होतं?" मामाने विचारलं.

"काहीच नाही. कोणीही चाललं असतं. जे यंत्र कोणालाच पकडत नाही, ते विकत कोण घेणार?"

यंत्रवाल्यांनी घाम पुसला. "तरी यंत्र चुकलं नाही हं, बाई. ठोकळा हललाच होता."

पाहुण्यांनी मान डोलावली.

शर्यत पुन्हा ठरली. दुसरं यंत्र नव्हतं, म्हणून हेच ठेवलं. मामाने चिंगीच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नकोस, पोरी. फक्त हलू नकोस."

बंदूक वाजली. सात जणी सुटल्या. चौथ्या पट्टीत चिंगी हलली नाही.

यंत्राने कोणालाही बाद केलं नाही.