डाव्या सीटखालचं तेल

लिलाववाले साहेब, तुम्ही खोटं बोललात.

गाडीच्या कागदावर लिहून दिलंत, ‘अपघात झालेला नाही.’ मग हे काय होतं?

ही गोष्ट खरी आहे. इथे बेडवर्थ गावात, माझ्याच गॅरेजात, नोव्हेंबरातल्या रविवारी दुपारी तीन वाजता घडली. दिवसाढवळ्या.

डॅडनी बावीस वर्षं कारखान्यात याच मॉडेलच्या गाड्यांना इंजिनं बसवली. रस्त्यावर मात्र ते तसल्या गाडीत एकदाही बसले नव्हते. डॉक्टरांनी त्यांना नाताळपर्यंतची मुदत दिली होती. तुमच्या लिलावात ही गाडी घेतली, ती त्यांना एक फेरी मारून आणायला.

एकच फेरी.

पण तेल गळायचं थांबेना! ऑइल चेंबरचं गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारी पट्टी, बदललं, वरच्या झाकणाचं तीनदा बदललं. बोटं सोलून निघाली. सकाळी बघावं तर गाडीखालचा पुठ्ठा काळा.

शेजारचा केल्विन हसायचा. “ब्रेंडा, गळतेय म्हणजे आत तेल आहे. थांबली की घाबर!”

“तू घरी जा, केल्विन.”

शेवटी मागचं सील बदलायला अख्खं इंजिनच बाहेर काढलं. तेल निथळवून स्टँडवर ठेवलं. तीन दिवस ते तिथेच होतं. गाडीचं नाक रिकामं.

त्या दुपारी डॅड बघायला आले.

टप्...

टप्...

मी वाकून पाहिलं. इंजिनाच्या जागेखाली पुठ्ठा कोरडा होता.

तेल पडत होतं... डाव्या सीटखाली.

तिथे तेलाची नळीसुद्धा जात नाही.

डॅडनी बोट लावलं. “गरम आहे गं.”

“काहीतरीच!”

त्यांनी डावं दार उघडलं.

सीटचं चामडं खाली दबलेलं होतं. कुणी बसल्यावर दबतं, तसं...

डॅडनी डोक्यावरची टोपी काढली. “माफ करा,” म्हणाले. मला नव्हे.

दार हळूच लावलं.

“मला नाही जायचं, पोरी.”

“तीन महिने मरतेय मी इथे! आणि आता नाही म्हणता?”

“ओरडू नकोस. ती बसलीये ना तिथे.”

“कोण ती?”

टोपी हातात धरूनच ते बाहेर पडले. डिसेंबरात गेले. फेरी राहिली ती राहिलीच.

इंजिन अजून स्टँडवरच आहे. बसवायला माझा हात धजत नाही.

तुम्हाला चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. गाडी परत घ्या, असं मी म्हणतच नाही.

ती बाई कोण होती, तेवढं सांगा. माझ्या बापाची जागा तिने का अडवली?