उणे अडतीसची गोधडी

हे कुणाला खरं वाटणार नाही, असं सर्जेराव घोरपडे गोष्टीच्या आधीच सांगून टाकत. म्हणजे मग थापेची जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाई.

“तर बाई, उणे बावन्न. ट्रक ढिम्म. मी काय केलं, घरून आलेलं कोल्हापुरी तिखट चमचाभर हवेच्या नळीत सोडलं. तीन शिंका दिल्या गड्यानं, आणि चौथ्या शिंकेला इंजिन सुरू.”

बॉनेटखाली डोकं घातलेल्या डॉ. पाळंदेबाईंचे खांदे हलले. हसल्या असाव्यात. बाहेर उणे चौतीस होतं, त्यामुळे कुडकुडल्या असंही असू शकेल.

सतरा क्रमांकाची मार्गरक्षा चौकी पाच हजार मीटर उंचीवर होती. समोरच्या रस्त्यानं रोज सकाळी दहाला स्वयंचलित विद्युत्‌गाड्यांचा तांडा जाई. चाळीस गाड्या, चालक एकही नाही. एखादी गारठून अडली तर ओढायला म्हणून चौकीवर एक जुना डिझेल ट्रक ठेवला होता, आणि ट्रकसाठी म्हणून सर्जेराव. गेल्या दोन वर्षांत एकही गाडी अडली नव्हती.

ट्रक रोज सकाळी सुरू करून बघायचा, हा नियम. सुरू झाला नाही तर दूरनिदान चालणार नाही, तज्ज्ञानं स्वतः येऊन कारण शोधायचं, हाही नियम. ट्रक सकाळच्या चाचणीत सुरू झाला की तज्ज्ञानं त्याच दिवशीच्या तांड्यानं परत जायचं. आणि कारण सापडलंच नाही तर चौकी बंद करायची, सर्जेरावांनी खाली जायचं. खाली म्हणजे कुणाकडे, ते त्यांनी अर्जातल्या रकान्यात कधी लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं नाव नव्हतं.

“बॅटरी?” पाळंदेबाईंनी विचारलं.

“रात्री शेगडीजवळ निजते. माझ्यापेक्षा सुखी आहे.”

बॅटरी खरोखरच ठणठणीत होती. स्टार्टर मारल्यावर इंजिन चांगल्या वेगानं फिरत होतं, म्हणजे ऑइल घट्ट झालेलं नव्हतं. हीटर प्लगही तापत होते. पाळंदेबाई मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

“पुन्हा मारा. बघितलंत? धूरच नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, असं म्हटलं असतं. इथं डिझेल आत पोचतच नाही.”

“हे मला तीस वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.”

“मग मला कशाला बोलावलंत, काका?”

यावर सर्जेरावांनी चहा ठेवला.

बाईंनी फिल्टर काढून आत आणला, त्यावरचा पिवळट थर खरवडून मेणदर्शीच्या काचेखाली ठेवला. हे सूक्ष्मदर्शीसारखं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. आधीचे इंजिनिअर फिल्टर बदलत आणि ‘खराब डिझेल’ असं लिहून निघून जात.

“डिझेलमध्ये मेण असतं. गारठ्यात त्याचे स्फटिक होतात. हिवाळी डिझेलमध्येही होतात, पण इतके बारीक की फिल्टरमधून निसटून जातात. साखरेचा पाक केलाय कधी? घाईनं गार केला तर कण बारीक पडतात. आणि न हलवता, सावकाश गार होऊ दिला तर?”

“खडीसाखर.”

“तुमच्या फिल्टरमध्ये खडीसाखर झालीय. हे खडे खोटं बोलत नाहीत, काका. डिझेल किती तासांत गार झालं ते त्यांच्या आकारावर लिहिलेलं असतं. इथल्या वाऱ्यात तीन तास लागायला हवेत. याला तेरा लागलेत. का?”

सर्जेराव कपातल्या चहाकडे फार बारकाईनं बघू लागले.

पहिल्या हिवाळ्यात त्यांना ट्रकची दया आली होती. टाकी आणि फिल्टर एकाच बाजूला होते. त्यांनी आईच्या लुगड्यांची नऊ पदरी गोधडी दोन्हींवर पांघरली. सकाळी ट्रक सुरू झाला नाही. खालून एक इंजिनिअर आला, तीन दिवस राहिला, पत्ते खेळला, एकदा तर हरल्यावर चक्क भांडला. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्यांना ट्रकची दया येई. उबेनं ट्रक का अडतो हे मात्र आज, खडीसाखरेमुळे, कळलं.

त्या रात्रीही दया आली. नव्या फिल्टरमध्ये पुन्हा तेच खडे. दुसऱ्या रात्रीही.

मधल्या संध्याकाळी बाईंनी पोळ्या लाटल्या, सर्जेरावांनी भाजल्या.

“पुण्यात कोण कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“माझ्या मजल्यावर? चाळीस यंत्रं आणि मी.”

“आणि बोलायला?”

बाईंनी थोडा विचार केला. “मागच्या मंगळवारी एका आजींनी वेळ विचारली होती.” पुढची पोळी लाटत त्या म्हणाल्या, “शिंकांनंतर काय झालं ते सांगा. ट्रकला सर्दी झाली का?”

दोन दिवसांत त्या थापा ऐकून नुसत्या हसल्या नव्हत्या. मध्येच अडवून प्रश्न विचारत होत्या. सर्जेरावांना थापा रचायला वेळ पुरेना.

तिसऱ्या दिवशी मात्र त्या गंभीर होत्या. “उद्याही नाही झाला, तर मला ‘कारण अज्ञात’ लिहावं लागेल. मग चौकी राहणार नाही.”

सर्जेराव संध्याकाळभर ट्रकभोवती फिरले. मग गोधडी घेऊन कोठीच्या खोलीशी गेले, जिथं बाईंची खाट होती. “आज अडतीसपर्यंत जाणार. ही घ्या. माझ्याकडे दोन घोंगड्या आहेत.”

बाईंनी गोधडी हातात घेतली. तिचा एक कोपरा नाकाशी नेला. “डिझेलचा वास येतोय.”

“तो माझाच वास,” सर्जेराव म्हणाले.

रात्रभर धुराडं वाऱ्यानं शीळ घालत होतं. सर्जेराव घोंगड्यांखाली पडून ती ऐकत होते. आज टाकी उघडी होती. तीन तासांत दगडासारखी गार, म्हणजे खडे बारीक. उद्या ट्रक सुरू, दहाला बाई तांड्यात, आणि पुढच्या महिन्यात काय ते त्यांनी ठरवलं नव्हतं. आता खडे वाचणारं यंत्र आलं होतं. सकाळी उठून त्यांनी बाईंसाठी जर्दाळूंची पुडी बांधली आणि स्टार्टर मारला.

इंजिन फिरलं. धूर नाही.

आयुष्यात पहिल्यांदा ट्रक अडल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. दोनदा, तीनदा मारला. धूर नाही.

पाळंदेबाईंनी फिल्टर काढला, काचेखाली ठेवला आणि बराच वेळ डोळा वर उचलला नाही.

“बारा तास,” त्या म्हणाल्या. “काका, हे खाली कुणाला खरं वाटणार नाही. पण कारण सापडलं. इथं रात्री वारा पडतो. चौकीच्या भिंतीचा आडोसा होतो, म्हणून टाकी सावकाश गार होते. यात चौकीचा दोष नाही, तुमचाही नाही. मी तसं लिहिते. फक्त खात्रीसाठी रोजच्या नोंदी घ्याव्या लागतील. निदान महिनाभर.”

“इथं राहून?”

“दुसरीकडे राहून कशा घेणार?”

दहा वाजले. बाहेरून तांडा गेला; पहिली गाडी दोन मिनिटं थांबली आणि रिकामं आसन घेऊन पुढं निघाली. बाईंनी मान वळवली नाही. त्या अहवाल लिहायचा प्रयत्न करत होत्या, पण बोटं वाकत नव्हती. ओठ निळे पडले होते. अंगात तीन स्वेटर होते, हातात मोज्यांवर मोजे. त्यांच्यामागं कोठीच्या उघड्या दारातून खाट दिसत होती, आणि खाटेवर अगदी चौकोनी घडी घातलेली गोधडी. तिच्या काठावर गोठलेलं दंव शेगडीच्या उबेनं आता थेंब थेंब वितळत होतं.

सर्जेराव पन्नास वर्षं थापा मारत आले होते. दुसऱ्याची ऐकायची वेळ पहिलीच. त्यांनी किटली शेगडीवर ठेवली, एक घोंगडी उचलून बाईंच्या खांद्यांवर टाकली आणि समोर बसले.

“वारा पडला होता म्हणतेस. बरं. मग पोरी, रात्रभर तू पांघरलंस काय?”